फुटबॉलवीर नेव्हिल डिसोझा आणि कूपरेजचे क्रीडांगण

आमच्या शाळेतील विद्यार्थ्यांना क्रिकेटचे आकडे जितके मुखोद्गत आहेत, तितके फुटबॉलचे नाहीत. कोणत्या फलंदाजाने कोणत्या गावी किती धावा काढल्या, हे न अडखळता सांगणारी मुले प्रत्येक वर्गात दोनचार तरी निघतील. परंतु ऑलिंपिक सामन्यांत एकाच दिवशी तीन गोल करणारा पहिला आशियाई खेळाडू कोण, असे विचारल्यास वर्गात एकदम शांतता पसरते. विद्यार्थ्यांचेच कशाला, त्यांच्या वडीलधाऱ्यांचेही तेच आहे. वस्तुतः हा खेळाडू कोणी परदेशस्थ नव्हे. त्याचा जन्म गोमंतकात झाला, नाव मुंबईत झाले, आणि ज्या मैदानाशी त्याच्या पिढीचा खेळ निगडित आहे ते मैदान पनवेलहून आगगाडीने दोन तासांच्या आत गाठता येते. त्या खेळाडूचे नाव नेव्हिल डिसोझा व त्या मैदानाचे नाव कूपरेज. ह्या दोहोंची हकीकत विद्यार्थ्यांपुढे एकत्रच मांडावी, असे आम्ही योजिले आहे. कारण एकीवाचून दुसरी नीट समजत नाही.

प्रथम मैदानाविषयी. मुंबईत ओव्हल मैदानाच्या दक्षिण टोकाशी, महर्षी कर्वे मार्गालगत, हे क्रीडांगण आहे. कूपरेज हा शब्द ऐकून तो कोणा साहेबाच्या आडनावावरून आला असावा असा पुष्कळांचा समज होतो, पण तसे नाही. लाकडी पिंपे बांधणाऱ्या कारागिरास इंग्रजीत कूपर म्हणतात, आणि त्याच्या कारखान्यास कूपरेज. शिडाच्या जहाजांच्या काळी महिनेच्या महिने समुद्रावर राहणाऱ्या खलाशांचे पाणी, मद्य आणि खारविलेले मांस अशा पिंपांतूनच भरून नेत असत. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या किल्ल्याबाहेर ह्या ठिकाणी तो उद्योग चाले. पुढे जहाजे बदलली, पिंपेही गेली. राहिले ते केवळ नाव. ज्या जागी एके काळी पिंपांवर लोखंडी कड्या ठोकल्या जात, त्याच जागी पुढे चेंडू लाथाडला जाऊ लागला, ही गंमतच म्हणावयाची.

मुंबईत फुटबॉल आणला तो गोऱ्या शिपायांनी व इंग्रज व्यापाऱ्यांनी. रोव्हर्स चषकाची स्पर्धा मुंबईतील इंग्रज हौशी मंडळींनी सुरू केली, आणि १८९१ साली तिचे पहिले विजेतेपद वूस्टरशायर पलटणीच्या पहिल्या तुकडीने मिळविले. १९०२ साली मुंबईत फुटबॉलची संघटना स्थापन झाली व १९११ साली तिचे रूपांतर वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन ह्या संस्थेत झाले. ह्या संस्थेचे आणि रोव्हर्स चषकाचे माहेरघर पुढे कूपरेज झाले. प्रारंभीची कित्येक वर्षे हा चषक एका पलटणीकडून दुसऱ्या पलटणीकडे जाई आणि एतद्देशीय लोक दोरीबाहेर उभे राहून पाहत. १९२३ साली कलकत्त्याचा मोहन बागान संघ अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला, परंतु डरहॅमच्या पलटणीपुढे त्यास हार खावी लागली. अखेर १९३७ साली बंगलोर मुस्लिम्स ह्या संघाने तो चषक जिंकला. असा विजय मिळविणारा तो पहिला भारतीय संघ होय. त्या समयी नेव्हिल डिसोझा चार-पाच वर्षांचे बालक होते.

नेव्हिल ह्यांचा जन्म ३ डिसेंबर १९३२ रोजी गोव्याच्या बारदेश तालुक्यातील आसगाव येथे झाला. गोवा तेव्हा पोर्तुगीजांच्या अमलाखाली होता. म्हापशानजीकचे हे टुमदार गाव आणि त्याच्या शेजारचे शिवोली ह्यांचा फुटबॉलशी एक जुना ऋणानुबंध आहे. १८८३ साली फादर विल्यम रॉबर्ट लायन्स नावाचे एक पाद्री शिवोली येथे राहावयास आले. मुलांच्या शिक्षणात पाठांतराबरोबर शरीराचा व्यायामही असला पाहिजे, अशा मताचे ते होते. त्यांनी गावातील मुलांच्या हाती, किंवा पायी म्हणा, चेंडू दिला. गोमंतकात फुटबॉलचा आरंभ येथून झाला असे मानतात. पुढे हडफडे येथे लायन्स ह्यांनी शाळा काढली, तेथेही हा खेळ गेला, आणि हळूहळू प्रत्येक गावाच्या शेतात, भात कापून झाल्यावर, दोन बांबू रोवून गोल उभे राहू लागले. पोर्तुगीजांच्या मुलखात इंग्रजांचा खेळ रुजला तो असा, एका शिक्षकाच्या हौसेपायी. हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण नेव्हिल ह्यांच्या चरित्रात पुढे आणखी एक शिक्षक यावयाचा आहे.

गोव्यात पोट भरण्याची साधने थोडी. त्यामुळे तेथील कुटुंबे पिढ्यान् पिढ्या मुंबईस येत. कोणी बोटीवर खलाशी म्हणून जाई, कोणी वाद्यवृंदात वाजवी, कोणी कचेरीत कारकुनी करी. धोबीतलाव, माझगाव, भायखळा ह्या भागांत निरनिराळ्या गावांच्या नावांनी त्यांचे कूड असत. कूड म्हणजे गावकऱ्यांनी वर्गणीने चालविलेले सामायिक बिऱ्हाड. बोट लागेपर्यंत तेथे राहावे, सायंकाळी एकत्र प्रार्थना करावी, आणि वेळ मिळाल्यास फुटबॉलचा सामना पाहावा, हा परिपाठ. मुंबईच्या फुटबॉलला गोमंतकीय समाजाने खेळाडू दिले आणि प्रेक्षकही दिले. नेव्हिल डिसोझा ह्या परंपरेतील खेळाडू. त्यांचे बंधू डेरेक हेही भारताच्या संघातून खेळले. एकाच घरातील दोघे भाऊ देशातर्फे खेळल्याची उदाहरणे आपल्याकडे मोजकीच आहेत.

नेव्हिल खेळत असत ते टाटा स्पोर्ट्स क्लब ह्या संघातून. त्या काळच्या मुंबईच्या फुटबॉलची घडी आजच्या मुलांस ठाऊक नसेल, म्हणून दोन शब्द लिहितो. खेळ हा तेव्हा उदरनिर्वाहाचा धंदा नव्हता. गिरण्या, रेल्वे, तेलाच्या कंपन्या व मोठमोठ्या पेढ्या आपापले संघ बाळगीत आणि चांगल्या खेळाडूस आपल्याकडे नोकरी देत. दिवसा कचेरी, सायंकाळी सराव आणि सामन्याच्या दिवशी साहेबाची परवानगी घेऊन लवकर निघणे, असा बहुतेकांचा क्रम असे. हार्वुड लीगचे व नाडकर्णी चषकाचे सामने ह्याच संघांमध्ये रंगत. १९५८ साली कॅल्टेक्स ह्या तेल कंपनीच्या संघाने मोहन बागानसारख्या बलाढ्य संघास हरवून रोव्हर्स चषक मुंबईत ठेवून घेतला, ह्यावरून ह्या कचेरीवाल्यांच्या खेळाची योग्यता ध्यानी यावी.

आणि मैदान कसे? मुंबईचा फुटबॉल हा पावसाळ्याचा खेळ. आषाढाच्या सरी कोसळत असता कूपरेजवर चिखल माजे. चेंडू तेव्हा कातड्याचा असे. वरून वादीने आवळलेला असल्यामुळे त्या बाजूने डोक्यास लागला तर कपाळास वळ उठे, आणि पाणी प्यायल्यावर तो इतका जड होई की लाथ मारणाऱ्याचाच पाय दुखावा. अशा मैदानावर नुसत्या चपळाईने भागत नाही. पाय घट्ट रोवून, घसरणाऱ्या जमिनीचा अंदाज घेऊन, चेंडू थांबण्यापूर्वीच पुढची हालचाल मनात ठरवावी लागते. आघाडीच्या खेळाडूस तर गोलाजवळ क्षणभराचीच संधी मिळते. पनवेलच्या मुलांस हे निराळे समजावून सांगावयास नको. आमच्या गावचा पाऊस मुंबईहून कमी नाही आणि आमचे मैदान जुलै महिन्यात कसे असते हे सर्वांस ठाऊक आहे.

नेव्हिल ह्यांच्या ऐन उमेदीच्या वर्षांत कूपरेजवर एक अपूर्व घटना घडली. १९५० पासून १९५४ पर्यंत सलग पाच वर्षे रोव्हर्स चषक हैदराबाद शहर पोलिसांच्या संघाने नेला. ह्या संघाचे गुरू सय्यद अब्दुल रहीम. रहीम हे पेशाने शाळामास्तर. उस्मानिया विद्यापीठाचे पदवीधर असलेल्या ह्या गृहस्थांनी कित्येक वर्षे हैदराबादच्या शाळांतून मुलांस शिकविले होते, आणि फुटबॉलकडेही ते शिक्षकाच्याच दृष्टीने पाहत. कोणी कोठे उभे राहावे, चेंडू आपल्यापाशी नसता काय करावे, तो दुसऱ्यास कधी द्यावा, ह्या गोष्टी ते फळ्यावर गणित मांडावे तशा मांडीत. हिंदुस्थानातील खेळाडू तेव्हा चेंडू पायाशी घोळवून एकट्याने पुढे जाण्यात भूषण मानीत. रहीम ह्यांना ते पसंत नव्हते. भारतीय संघाचे मार्गदर्शन त्यांजकडे आले आणि १९५१ साली दिल्लीच्या पहिल्या आशियाई खेळांत भारताने सुवर्णपदक मिळविले.

परंतु पुढच्याच वर्षी हेलसिंकी येथे ऑलिंपिक सामन्यांत युगोस्लाव्हियाने भारताचा दहा गोलांविरुद्ध एक असा धुव्वा उडविला. आमचे बहुतेक खेळाडू अनवाणी खेळत असत. १९४८ साली लंडन येथे अनवाणी पायांचे कौतुक झाले होते. तेथे फ्रान्सने एका गोलाच्या फरकानेच आम्हांस हरविले होते. पण उत्तरेकडील गार व ओल्या गवतावर ते कौतुक कामास आले नाही. ह्या पराभवानंतर राष्ट्रीय संघटनेने बूट घालून खेळणे सक्तीचे केले. आमच्या मते दहा गोलांचा तो पराभव एका अर्थी उपकारकच ठरला, कारण त्याने गोड गैरसमज दूर केला.

इकडे १९५४ साली मुंबईने राष्ट्रीय विजेतेपदाचा संतोष चषक प्रथमच जिंकला. टाटांचे आघाडीवीर नेव्हिल डिसोझा हे तेव्हा मुंबईच्या फुटबॉलमधील ठळक नाव झाले होते. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकसाठी रहीम ह्यांच्या संघात त्यांची निवड झाली. कर्णधार होते बंगालचे समर बॅनर्जी, ज्यांस सर्व जण बद्रू म्हणत. प्रदीपकुमार बॅनर्जी व कृष्णस्वामी किट्टू आघाडीत होते, आणि मुंबईचे म्हणून गणले जाणारे गोलरक्षक एस. एस. नारायण हेही संघाबरोबर होते.

मेलबर्नचे ते वर्ष जगात अशांततेचे होते. हंगेरीत सोव्हिएत रणगाडे शिरले होते. फुटबॉलच्या सोडतीत भारताची गाठ ह्याच हंगेरीशी पडली होती. परंतु हंगेरीचा फुटबॉल संघ स्पर्धेतून निघाला आणि भारतास न खेळता पुढे चाल मिळाली. हंगेरीचे नाव तेव्हा फुटबॉलच्या दुनियेत दबदब्याचे होते. तो सामना झाला असता तर काय झाले असते, ह्याचा तर्क करण्यात अर्थ नाही. पुढचा सामना प्रत्यक्ष यजमान ऑस्ट्रेलियाशी होता.

१ डिसेंबर १९५६. ऑलिंपिक पार्कचे मैदान, घरचे प्रेक्षक, आणि समोर उंचपुरे, धिप्पाड खेळाडू. भारत हा दुबळा संघ, अशीच सर्वसाधारण समजूत. नवव्या मिनिटास नेव्हिल ह्यांनी पहिला गोल केला. सतराव्या मिनिटास ऑस्ट्रेलियाच्या ब्रूस मॉरो ह्याने बरोबरी साधली. तेहतिसाव्या मिनिटास नेव्हिल ह्यांचा दुसरा गोल. एकेचाळिसाव्या मिनिटास मॉरो ह्याचा दुसरा. मध्यंतरास दोन्ही संघ समसमान होते. असा पाठशिवणीचा खेळ चालला असता, एकदा मिळालेली आघाडी दोनदा हातची गेली म्हणजे भल्याभल्यांचा धीर सुटतो. परंतु खेळ पुन्हा सुरू झाल्यावर पाचच मिनिटांत, म्हणजे पन्नासाव्या मिनिटास, नेव्हिल ह्यांनी तिसरा गोल केला आणि ह्या वेळी ऑस्ट्रेलियास उत्तर देता आले नाही. ऐंशीव्या मिनिटास किट्टू ह्यांनी चौथा गोल करून शंकेस जागा ठेवली नाही. चार विरुद्ध दोन.

एकाच खेळाडूने एका सामन्यात तीन गोल केल्यास त्यास हॅटट्रिक म्हणतात. शब्द मूळचा क्रिकेटचा, म्हणून आमच्या वाचकांस परिचित असेलच. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हा पराक्रम करणारे नेव्हिल हे पहिले आशियाई खेळाडू ठरले, आणि उपांत्य फेरीत पोहोचणारा भारत हा पहिला आशियाई देश ठरला. पुढे १२ डिसेंबर रोजी सिडनी येथे ह्याच दोन संघांत मैत्रीचा सामना झाला, तेव्हा भारताने सात विरुद्ध एक असा विजय मिळविला. पहिला विजय नशिबाचा होता असे ज्यांस वाटत होते, त्यांस ह्याहून स्पष्ट उत्तर मिळाले नसते.

पहिल्या सामन्यानंतर दोन दिवसांनी नेव्हिल ह्यांचा वाढदिवस होता. त्यांस चोविसावे वर्ष पूर्ण झाले. त्याच्या दुसऱ्याच दिवशी, ४ डिसेंबरला, मेलबर्नच्या विस्तीर्ण क्रिकेट मैदानावर भारत उपांत्य सामन्यास उभा राहिला. समोर होता युगोस्लाव्हिया. चार वर्षांपूर्वी दहा गोल चढविणारा तोच देश. मध्यंतरापर्यंत गोल झाला नाही. बावन्नाव्या मिनिटास भारताने गोल केला, आणि तो करणारे पुन्हा नेव्हिल डिसोझाच. दोन मिनिटे, होय, केवळ दोनच मिनिटे, भारत ऑलिंपिकच्या अंतिम सामन्याच्या वाटेवर होता. मग युगोस्लाव्हियाने चवताळून हल्ला केला. त्यांनी अकरा मिनिटांच्या अंतराने तीन गोल केले, आणि पुढे एक चेंडू आमच्याच खेळाडूकडून आमच्या गोलात गेला. चार विरुद्ध एक असा पराभव झाला. तिसऱ्या क्रमांकासाठी ७ डिसेंबरला बल्गेरियाशी गाठ पडली. तेथेही तीन गोलांनी हार झाली व पदक हुकले. भारतास चौथे स्थान मिळाले. त्यानंतर आजतागायत भारताचा फुटबॉल संघ ऑलिंपिकमध्ये इतका वर चढलेला नाही.

स्पर्धा संपली तेव्हा सर्वाधिक, म्हणजे प्रत्येकी चार गोल करणारे तीन खेळाडू होते. एक बल्गेरियाचे मिलानॉव्ह, दुसरे युगोस्लाव्हियाचे व्हेसेलिनोविच आणि तिसरे मुंबईचे नेव्हिल डिसोझा. पहिल्या दोघांच्या संघांनी पदके नेली. तिसरा रित्या हाताने परतला.

मुंबईत परतल्यावर त्यांस काय मिळाले? उत्तर देताना लेखणी जड होते. फुटबॉलप्रेमी मंडळींत त्यांचे नाव राहिले, परंतु त्या पराक्रमास साजेसा राष्ट्रीय मान त्यांच्या वाट्यास आला नाही. १९६१ साली अर्जुन पुरस्कार सुरू झाला. फुटबॉलमधील पहिला पुरस्कार मेलबर्नमधील त्यांचेच सहकारी प्रदीपकुमार बॅनर्जी ह्यांस मिळाला आणि तो योग्यच होता; पुढे त्या पिढीतील इतरही सन्मानित झाले. नेव्हिल डिसोझा हे नाव मात्र त्या यादीत कधीच आले नाही. आम्ही कोणास दोष देऊ इच्छीत नाही. तथापि कलकत्त्यात फुटबॉलपटूचे नाव घरोघर जाते, तसे मुंबईत जात नाही, हे खरे. कूपरेजपासून पायी थोड्याच अंतरावर १९३७ साली ब्रेबर्न आणि पुढे वानखेडे अशी क्रिकेटची दोन भव्य क्रीडांगणे उभी राहिली. त्यांच्यामध्ये कूपरेज लहान भावासारखे बसले आहे. ज्या शहराचे डोळे सतत एकाच खेळाकडे लागलेले असतात, त्या शहरात दुसऱ्या खेळाचा वीर रस्त्याने गेला तरी ओळखला जात नाही.

१६ मार्च १९८० रोजी नेव्हिल डिसोझा ह्यांचे निधन झाले. वय अवघे ४७ वर्षांचे. रहीम मास्तर त्यांच्या कितीतरी आधी गेले होते. १९६२ साली जकार्ता येथे भारतास पुन्हा आशियाई सुवर्णपदक मिळवून दिल्यावर वर्षाच्या आतच, ११ जून १९६३ रोजी, कर्करोगाने त्यांचा अंत झाला.

कूपरेजनेही पुढे बरेवाईट दिवस पाहिले. कचेऱ्यांचे संघ एकामागून एक बंद पडले. रोव्हर्स चषकाची शंभर वर्षांहून अधिक चाललेली परंपरा २००१ नंतर थांबली. महिंद्र युनायटेड ह्या मुंबईच्या संघाने २००५-०६ साली राष्ट्रीय लीगचे विजेतेपद मिळविले, तेव्हा ह्या मैदानास काही काळ जुना उत्साह आला होता. परंतु २०१० साली तोही संघ विसर्जित झाला. त्यानंतर मैदानाचे नूतनीकरण होऊन तेथे कृत्रिम हिरवळ अंथरली गेली. चिखल गेला, त्यासोबत जड चेंडूही गेला. जुन्या प्रेक्षकांस त्याची हळहळ वाटत असेल, परंतु गुडघे फुटून घरी येणाऱ्या मुलांच्या माता निश्चितच ह्या सुधारणेच्या बाजूने मत देतील.

मोठे सामने आता आमच्या अधिक जवळ आले आहेत. शीव-पनवेल महामार्गावरून जाताना नेरूळ येथे जे प्रचंड क्रीडांगण दिसते, त्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर २०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकाचे सामने झाले आणि २०२२ साली त्याच वयाच्या मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. त्यात स्पेनने कोलंबियास एका गोलाने हरविले. आमच्या विद्यार्थिनींच्या वयाच्या मुली तेथे जगाचे अजिंक्यपद मिळवून गेल्या. ते क्रीडांगण हजारोंनी भरते, परंतु तेथे खेळण्याची संधी फार थोड्यांस मिळते. शाळकरी मुलांस, कचेरीतून सुटलेल्या तरुणांस, लहानसहान क्लबांस ज्या मैदानावर पाय ठेवता येतो, असे मैदान निराळे लागते. नेव्हिल ह्यांची पिढी तयार झाली ती अशाच मैदानांवर.

मुंबईत आता तसे एक मैदान त्यांच्याच नावाने आहे. वांद्र्याच्या पश्चिमेस, समुद्र हटवून काढलेल्या भूमीवर, नेव्हिल डिसोझा मैदान म्हणून ते ओळखले जाते. शहराच्या फुटबॉल लीगचे सामने तेथे भरतात. पनवेलहून गाडीने वडाळ्यास उतरावे, तेथे गाडी बदलून वांद्र्यास जावे, आणि पुढे कोणासही त्या मैदानाचा रस्ता विचारावा. ज्यांस ते सांगता येईल, त्यांतील किती जणांस ते कोणाचे नाव आहे हेही सांगता येते, ते आमच्या विद्यार्थ्यांनी तेथे गेल्यावर स्वतःच पाहावे.